बाई फडावर जाते, तिचं कार्ड गावात राहतं

साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी विचारलं आहे: ‘दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या आमच्याकडे येतात. त्यातल्या गरोदर बायका तपासणीला येतच नाहीत. कळा सुरू झाल्यावर, नाहीतर कोपीवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाल्यावर त्यांना आणलं जातं. गेल्या हंगामात दोन शिबिरं घेतली, फारसं कुणी फिरकलं नाही. त्यांच्यात जागृती कशी करावी?’

डॉक्टर, जागृती हा शब्द आधी बाजूला ठेवू या. मी अकरा वर्षं बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि पुढे नऊ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या, चहूबाजूंनी ऊस असलेल्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयात. दसऱ्यानंतर गाड्या भरून निघताना मी या बायका पाहिल्या आणि त्या जिथे उतरतात तिथेही पाहिल्या. बाळंतपण दवाखान्यात झालेलं बरं, हे माहीत नसलेली बाई या वीस वर्षांत मला क्वचितच भेटली. तिला माहीत असतं. तिचा हिशेब जुळत नाही.

तो हिशेब एकदा तिच्या बाजूने करून बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती कोयत्याच्या नावावर असते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये झाला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो, म्हणजे दोघांचे मिळून सातशे-सव्वासातशे रुपये. बाई तुमच्या ओपीडीत आली की नवरा एकटा राहतो. तो तोडत राहील, पण मोळ्या बांधायला आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवायला कुणी नसेल तर त्याचंही काम अडतं. वर खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, म्हणून मुकादम पैसे कापतो. कित्येक ठिकाणी एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये धरतात. त्यात रिक्षाचं भाडं मिळवा. आपण तिला सांगतो की तपासणी मोफत आहे, आणि तिला ती बाराशे रुपयांना पडते. चार तपासण्या म्हणजे किती, हे ती मनात केव्हाच करून बसलेली असते.

आता तिचा दिवस बघा. पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकरी थापायच्या, लेकरांचं आवरायचं, उजाडायच्या आत फड, म्हणजे तोडणीचं शेत, गाठायचा. गाडी भरायची वेळ तिच्या हातात नसते, कधी संध्याकाळी तर कधी रात्री दहालाही भरावी लागते. तुमची ओपीडी सकाळी नऊला उघडते तेव्हा तिचं निम्मं काम झालेलं असतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. योजना चांगली आहे, 2016 पासून तिच्यामुळे जोखमीच्या बऱ्याच माता वेळेवर सापडल्या. पण 9 तारखेला दिवसा ती फडात असते.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती ही की शिबिर सोडा, संध्याकाळ धरा. आठवड्यातून दोनदा सात ते नऊच्या दरम्यान टोळी जिथे उतरली आहे तिथे जा. टोळी आज कुठे तोडते आहे हे तुमच्या आशाताईला माहीत नसेल, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असतं. कुठल्या शेतकऱ्याच्या, कुठल्या शिवारातल्या उसाला तोड मिळाली हे त्याच्याकडेच असतं. त्याचा फोन नंबर घ्या. बैलगाडीवाल्यांच्या टोळ्या बहुधा कारखान्याजवळच्या तळावर एका जागी असतात, त्या सापडायला सोप्या. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या तोडीप्रमाणे हलतात आणि त्याच सुटतात.

एक संध्याकाळ सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही एका टोळीवर गेलो होतो. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या बारा-चौदा कोप्या, मधे चुली पेटलेल्या. एक मुलगी, असेल एकोणीस-वीस वर्षांची, भाकरी थापत होती. पोट दिसत होतं. शेवटची पाळी कधी, म्हटलं, तर तारीख सांगता येईना. सिस्टर बीडकडच्याच. त्यांनी विचारलं, ‘अक्षय तृतीयेच्या आधी का नंतर?’ मुलगी लगेच म्हणाली, ‘आधी. दोन दिवस आधी. आकितीला मी पुरणाला हात लावला नव्हता.’ झाली तारीख. नऊ महिने सात दिवस मिळवले तर बाळंतपण फेब्रुवारीच्या सुरुवातीला येत होतं, म्हणजे जेमतेम तीन आठवडे उरले होते. गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड विचारलं तर म्हणाली, ‘घरी पत्र्याच्या पेटीत हाये. इकडं हरवंल म्हणून सासूनं ठेवून घेतलं.’ चुलीच्या उजेडात डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरी फटक. रक्तदाब पाहिला तर 150 वर 100. मला आठवतं, पट्टा सोडवेपर्यंत तिने तव्यावरची भाकरी दुसऱ्या हाताने उलटली होती.

तिला त्याच रात्री हलवलं. ती आणि बाळ दोघंही नीट राहिली. पण आम्ही तिथे गेलो म्हणून ती सापडली, आणि आम्ही तिथे गेलो तेही योगायोगाने, कारण त्या दिवशी दुसरी एक टोळी गाठायची होती.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. तिला शोधायचं काम जानेवारीत तुमच्यावर पडूच नये. थोडं गणित करा. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. या काळात जिचे दिवस भरतात, तिची शेवटची पाळी आलेली असते फेब्रुवारी ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. याचा अर्थ ऑक्टोबरच्या मध्याला, गाव सोडताना, ती किमान चार महिन्यांची गरोदर असते. हंगामात पूर्ण दिवसांची बाळंत होणारी प्रत्येक बाई गाडीत बसताना गरोदर म्हणून ओळखता येते. बहुतेकींची उपकेंद्रात नोंद झालेली असते, माता-बालकांच्या सरकारी नोंदीच्या आरसीएच पोर्टलवर क्रमांकही पडलेला असतो. तो क्रमांक बीडच्या हद्दीपाशी संपत नाही, तुमच्या संगणकावरही त्याच बाईची माहिती उघडते. अडचण एवढीच की कोण, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या कारखान्यावर चालली आहे हे कुणी लिहून घेत नाही, आणि घेतलं तरी ते तुमच्यापर्यंत येत नाही.

बीडमध्ये असताना ही यादी आम्ही उशिराच सुरू केली, याचं मला वाईट वाटतं. पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंत आशाताईंनी घरोघर जाऊन चार गोष्टी लिहायच्या: बाळंतपणाची अंदाजे तारीख, आरसीएच क्रमांक, मुकादमाचं नाव आणि फोन, कारखाना. मुकादमाकडे कोयत्यांची वही असतेच, त्यामुळे हे एका गावात दोन दिवसांचं काम आहे. मग त्या त्या कारखान्याच्या भागातल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना यादी फोनवर पाठवायची. यासाठी नवं ॲप लागत नाही. तुम्ही ऊसपट्ट्यात आहात, तर वाट बघू नका. तुमच्या कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळ्या कुठल्या तालुक्यांतून येणार ते सप्टेंबरमध्येच काढा आणि तिकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तुम्हीच फोन करा. पहिल्या वर्षी तो चकित होईल. दुसऱ्या वर्षी यादी त्याच्याकडूनच येईल.

ही यादी नसली की काय होतं ते मी एकदाच सांगते, कारण पुन्हा पुन्हा सांगवत नाही. मी ऊसपट्ट्यात आल्यावर तिसऱ्या वर्षी एका रात्री एक बाई आणली. कोपीवर बाळंत झालेली, वार अडकलेली, अंगावरून जाणं थांबत नव्हतं. वार काढली, ऑक्सिटोसिन दिलं, गर्भाशय आवळलंही, पण रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचं होतं आणि तिच्या अंगात मुळातच ते नव्हतं. पहाटे ती गेली. नंतर तिच्या गावच्या उपकेंद्राला फोन लावला. सिस्टरांनी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं: ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन 7.4, खाली लाल रेघ, शेजारी ‘जोखमीची माता’. नोंद चोख होती. ती शेकडो किलोमीटर मागे राहिली होती. हिमोग्लोबिन 11 असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी सावरते. 7 वाली सावरत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

म्हणून रक्ताबद्दल थोडं सविस्तर. आपण गरोदर बाईला लोहाच्या 180 गोळ्या देतो. गावात राहणाऱ्या बाईसाठी ते ठीक आहे. फडावर जाणाऱ्या बाईला त्या पिशवीत घालून देणं म्हणजे आपलं समाधान. कोपीत पाणी शिरतं, पिशवी ओली होते. गोळीने मळमळलं की काम होत नाही, म्हणून ती बंद करते. घेतली तरी चहावर घेते, आणि चहाने लोह अंगी लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जिचं हिमोग्लोबिन 7 ते 10 च्या मध्ये आहे आणि जिचं जायचं ठरलं आहे, तिला निघण्याआधी दवाखान्यात बोलावून शिरेतून लोह द्यावं. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजचं 1000 मिलिग्रॅम एकाच बैठकीत, सलाईनमधून पाऊण तासाच्या आत जातं. चौथ्या महिन्यानंतर ते देता येतं, आणि वरच्या गणितानुसार या सगळ्या जणी ऑक्टोबरमध्ये चौथ्या महिन्याच्या पुढेच असतात. डॉक्टर हजर हवा, रिॲक्शन आली तर सांभाळायची तयारी हवी, एवढीच अट. 7 च्या खाली असेल तर तिने जाऊच नये, भरती करून उपचार करावेत. आणि तुमच्याकडे ती तशीच येऊन पोहोचली असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हेच तुम्ही करा. एका संध्याकाळचा खाडा झाला तरी चालेल, रोज एक गोळी महिनोन् महिने गिळण्यापेक्षा तिला ते सोपं जातं.

दुसरी गोष्ट लघवीची. फडात आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. जळजळ होते, ताप येतो, आणि आठव्या महिन्यात कळा सुरू होतात. हे तिला नवऱ्यासमोर विचाराल तर ‘काही नाही’ म्हणेल. सिस्टरांना चुलीपाशी बसून विचारू द्या. लघवीच्या पट्ट्या पिशवीत ठेवा, त्यावर प्रथिनंही कळतात आणि जंतुसंसर्गाचा अंदाजही येतो.

तिसरं, फळी. गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन बाया वर चढतात. गरोदरपणातही चढतात. ‘काम बंद करा’ असं सांगू नका, ते ती ऐकू शकत नाही. ‘सातव्या महिन्यापासून फळीवर चढायचं नाही, मोळ्या बांधायच्या, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं’ असं सांगा, आणि तिला सांगण्याऐवजी टोळीला सांगा. टोळीत बहुतेक नातलगच असतात. जाऊ, दीर, चुलत सासू. एकीची फळी दुसरा कुणीतरी घेतो. ही मागणी आमच्याकडे जवळपास प्रत्येक टोळीने मान्य केली, कारण त्यात कोयत्याची जोडी फुटत नाही.

मुकादमाविषयी. नवे डॉक्टर त्याच्याशी बोलायचं टाळतात. राग मलाही येतो. पण बाई अंथरुणाला खिळली तर त्याची उचल बुडते, हे त्याला पक्कं कळतं. त्याच्याशी त्याच भाषेत बोला. त्याहून उपयोगी म्हणजे कारखान्याचे शेती अधिकारी. आमच्याकडे एका कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या मुकादमांना बसवून सांगितलं की गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. कागद नव्हता, नुसता शब्द होता. त्या वर्षी आमच्या ओपीडीत टोळीवरच्या बाया दिवसाउजेडी येऊ लागल्या. तुम्ही तो कागदावर घ्यायचा प्रयत्न करा. 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यात आहे, पण मुकादमामार्फत उचलीवर आलेल्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं आहे. बाळंतपणाच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने बुडालेली मजुरी त्यातून मिळाली पाहिजे, ही माझी मागणी मी प्रत्येक बैठकीत मांडते आणि तुम्हीही मांडावी अशी विनंती आहे.

आता बाळंतपणाची रात्र. टोळीवाल्यांना 102 किंवा 108 चा नंबर पाठ असतो. फोन लावल्यावर पलीकडून पत्ता विचारतात, आणि तिथे सगळं थांबतं. बीडहून आलेल्या माणसाला आपण कुठल्या गावाच्या शिवारात आहोत हे धड माहीत नसतं. आम्ही कार्डाच्या मागे जाड पेनाने लिहू लागलो: गाव, वस्ती, शेतकऱ्याचं नाव, गाडी कुठपर्यंत येते. टोळी हलली की चिटबॉयने नवा पत्ता आशाताईला कळवायचा आणि तिने तो मुकादमाच्या फोनवर पाठवायचा. दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. आमच्या अनुभवात गाडी पोहोचायला लागणारा वेळ कमी करणारी याहून मोठी गोष्ट दुसरी नव्हती.

त्याच कार्डावर आणखी एक ओळ लिहा: लेकरांपाशी कोण थांबणार. हे आधी ठरलं नसेल तर बाई कळा अंगावर काढते. अडीच वर्षांचं पोर कोपीत एकटं टाकून कुठली आई गाडीत बसेल? कित्येकदा नऊ-दहा वर्षांची मोठी मुलगीच सांभाळणारी असते, आणि रात्री तिच्यावर सोडून जायला आईचं मन होत नाही. शक्य असेल तर शेवटचे आठ-दहा दिवस बाईला लहान लेकरासकट दवाखान्याजवळ आणून ठेवा. आदिवासी भागात माहेरघर योजनेत हेच करतात. तुमच्या केंद्रात एक खोली, दोन खाटा, एक गॅसची शेगडी एवढ्यात भागतं. कुणी देणगीदार रुग्णवाहिका देऊ म्हणाला, तर त्याला ही खोली मागा.

तुमच्या माणसांनाही एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, येण्याजाण्याची गाडी सगळं मोफत, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही. बाई कुठल्या जिल्ह्याची, हा प्रश्न त्यात येत नाही. तरीही दारातच ‘आधार कार्ड कुठलं? मग तिकडंच जा’ असं ऐकून परत गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. एकदा असं झालं की त्या टोळीतली दुसरी कुणी पाच वर्षं तुमच्या दारात येत नाही. शिपायापासून सिस्टरांपर्यंत प्रत्येकाला हे हंगामाआधी सांगा.

राज्याच्या आकड्यांनी निश्चिंत होऊ नका. 2018-20 मध्ये महाराष्ट्रात माता मृत्यूचं प्रमाण लाखामागे 33 होतं, देशाचं 97. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. उरलेल्या पाचांत कोण आहे हे शोधायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या केंद्रापासून दोन किलोमीटरवर चूल पेटलेली असते.

बाळंतपणानंतरचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतं. फक्त वेळेचं भान ठेवा: आठव्या-दहाव्या दिवशी ती पुन्हा फडात उभी असते. त्यामुळे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट चुकवू नका. अंगावरून जाणं, ताप, बाळ ओढतंय की नाही, एवढं बघा. पाळणा लांबवण्याचं साधन घरी सोडण्याआधीच विचारून, तिच्या मर्जीने द्या. याच बायकांना पुढे पांढरं जातं म्हणून कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं आणि तिशी-पस्तिशीत गर्भपिशवी काढून टाकतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. बाळंतपणात ज्या दवाखान्याने नीट वागवलं, तिथे ती पुढच्या दुखण्यालाही विचारायला येते. त्या भीतीवरचा मला दिसलेला तोच खरा उतारा आहे.

आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी परत निघाली, की तुमची यादी उलट्या दिशेने पाठवा. बाळाच्या लसी किती झाल्या, आईचं हिमोग्लोबिन किती, कोणाची अजून दोन महिन्यांनी तारीख आहे, हे सगळं गाडी गावात पोहोचायच्या आत तिकडच्या सिस्टरांच्या फोनवर गेलं पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, त्यातला दोन हजारांचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि बाळाच्या सुरुवातीच्या लसींवर अडतो. बाळ तुमच्याकडे जन्मलं असेल तर जन्मनोंद तुमच्याच हद्दीत होणार. तो दाखला टोळी हलण्याआधी तिच्या हातात द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कार्डासोबत.